हळदी रेघ, लिंबू रेघ

“गेली! पुन्हा गेली!” शेपूट दाराच्या फटीला डोळा लावून कुजबुजला. “ही तिसरी वेळ!”

“नळच ना?” ठिणगीने विचारलं.

“नळच! आधी गॅसचं बटण, मग दाराची कडी, मग नळ. आता परत नळ!”

आत्या स्वयंपाकघरात उभी राहून दोन्ही हातांनी तोटी आवळत होती. नळातून एक थेंबसुद्धा गळत नव्हता. तरी तिने आवळली, दोन पावलं मागे गेली, आणि परत येऊन आवळली.

“वैज्ञानिकदृष्ट्या पाहिलं तर–” सव्वाशहाणा सुरू झाला.

“पाहू नकोस!” दोघं एकदम ओरडली.

सुट्टी लागली की ही तिघं आत्याकडे यायची. ठिणगी तेरा वर्षांची. शेपूट तिचा आठ वर्षांचा भाऊ, ताई जाईल तिथे मागे. सव्वाशहाणा हा त्यांचा चुलतभाऊ, वय वर्षं बारा, आणि त्याला हे नाव का पडलं ते आत्ताच कळलं असेल.

आत्याच्या दोन खोल्यांखाली तिचं गॅरेज होतं. तिथे शर्यतीच्या छोट्या गाड्या दुरुस्त व्हायच्या. एकच माणूस बसेल एवढ्या, जमिनीला टेकलेल्या, चारही चाकं अंगाबाहेर काढलेल्या गाड्या. चालवणारे कुणी मोठे शर्यतवीर नव्हते. दातांच्या डॉक्टर, चष्म्याच्या दुकानाचे मालक, बँकेतले साहेब अशी हौशी मंडळी. आठवडाभर नोकरीधंदा करायचा आणि रविवारी शहराबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर धुरळा उडवायचा. त्यांचा एक क्लब होता, आणि क्लबातले सगळे आत्याला ‘उस्ताद’ म्हणायचे. म्हणजे दहा दिवसांपूर्वीपर्यंत म्हणायचे. आता ‘त्या बाई’ म्हणतात. माणसांची जीभ किती पटकन वळते, बघा!

आत्याचे दोन नियम होते. नट आवळताना ठरलेला जोर लागून पाना ‘कट्ट’ असा बोलला की थांबायचं, आणि लगेच बारीक ब्रशने नटावरून शेजारच्या लोखंडावर एक पिवळी रेघ ओढायची. नट जरा जरी हलला तरी रेघ तुटलेली दिसते. दुसरा नियम लॉकनटाचा. या नटाच्या आत निळ्या प्लास्टिकची कडी असते, ती बोल्टाला घट्ट धरते. पण एकदा नट काढला की कडी झिजते, म्हणून तो परत वापरायचा नाही. आत्या काढलेला नट ऐरणीवर ठेवून हातोडीने चपटाच करायची. “उगाच कुणा कंजुषाची नजर जायला नको!” म्हणायची. हातोडी मारण्याचा मान शेपटाचा.

दहा दिवसांपूर्वी एका वळणावर बेकरीदादाच्या गाडीचं मागचं डावं चाक मुडपलं. बेकरीदादा म्हणजे पहाटे पाव भाजणारा आणि दुपारी आत्याच्या हाताखाली सगळं शिकलेला तरुण. त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला. चाक धरून ठेवणाऱ्या दांडीचा नट निखळून पडला होता. क्लबच्या सेक्रेटरींनी अर्ध्या दिवसात चौकशी उरकली. “त्या बाईंनी रेघ मारली, पण नट आवळलाच नाही!” असा निकाल देऊन त्यांनी गाडी शेडमध्ये झाकून ठेवली. येत्या रविवारी सभा भरवून क्लबच्या यादीतून आत्याचं नाव काढणार होते.

“आत्या,” चहाच्या वेळी ठिणगीने विचारलंच, “तू आवळला होतास ना तो नट?”

आत्या कपाकडे बघत राहिली. “आवळला असेन. मध्येच फोन आला होता गं. परत आले आणि... आठवतच नाही. सव्वीस वर्षं या हातांवर विसंबले मी. आता साधा नळसुद्धा त्यांच्यावर सोडवत नाही.”

ठिणगीला रडू आलं, आणि रडू येण्याचा रागही आला. नाव काढा नाहीतर फळ्यावर लिहा, ते एक वेळ चाललं असतं. पण आत्याचा स्वतःवरचाच विश्वास उडाला होता, ते तिला बघवेना.

“ती गाडी बघायची,” ती म्हणाली. “उद्याच!”

“शेडला कुलूप आहे. वॉचमन आहे. आपण लहान आहोत,” सव्वाशहाण्याने बोटं मोजली.

“आणि शेपटाकडे बॉल आहे,” ठिणगी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बॉल शेडच्या भिंतीवरून आत गेला. चुकून नव्हे, पाचव्या प्रयत्नात गेला! वॉचमनकाका डुलकीतून दचकून उठले.

“काका, बॉल!” शेपटाने असा काही रडका चेहरा केला की ठिणगीलाही क्षणभर खरा वाटला.

“कटकट नुसती!” काकांनी कुलूप काढलं. “पाच मिनिटं! कशाला हात लावाल तर याद राखा!”

ताडपत्रीखाली गाडी चिखलाने माखलेली होती. तिघं मागच्या उजव्या चाकाशी उकिडवी बसली. त्या बाजूचा नट जागेवर होता. ठिणगीने रुमाल काढला.

“पुसू नकोस! पुरावा आहे तो!” सव्वाशहाणा ओरडला.

“मग काय आरती ओवाळू?”

भांडण चालू असतानाच शेपटाने जोरात फुंकर मारली. वाळलेला चिखल भुरभुर गळला आणि पिवळी रेघ दिसली. नटावरून लोखंडापर्यंत, अखंड.

ठिणगीचा चेहरा उतरला. रेघ अखंड म्हणजे आत्याने मारल्यापासून नटाला कुणी हात लावलाच नाही. चूक आत्याचीच, सेक्रेटरी म्हणत होते तसंच!

“पण ताई, ही लिंबू आहे,” शेपूट म्हणाला.

“काय?”

“रेघ लिंबू रंगाची आहे. आत्याची हळदी असते. मागच्या सुट्टीत मी अख्खी बाटली सांडली होती, मार खाल्लाय मी त्या रंगासाठी!”

सव्वाशहाण्याने नाक नटाला टेकवलं. लिंबू रेघेच्या बाजूला, लोखंडावर, हळदी रंगाचा अर्धा तुकडा होता. उरलेला अर्धा नटाच्या पार मागच्या अंगाला वळून गेला होता. तिघं डाव्या बाजूला धावली. तिथे नट नव्हताच, पण लोखंडावर दोन अर्ध्या रेघा शेजारी शेजारी होत्या. एक हळदी, एक लिंबू!

“म्हणजे आत्याने नट आवळला होता,” ठिणगी म्हणाली. “रेघ मारली होती. नंतर कुणीतरी नट काढले, परत बसवले आणि वरून रेघ ओढली. ‘कट्ट’ न ऐकता!”

“पण लिंबू रंग कुणाकडे असतो?” सव्वाशहाण्याने विचारलं.

शेपटाने नुसतं बोट केलं. शेडमध्ये सात गाड्या ओळीने उभ्या होत्या, आणि सातही गाड्यांवर मोठे, झोकदार आकडे होते. लिंबू रंगाचे! ते आकडे फक्त सेक्रेटरी काढायचे.

“ए, अंडी उबवताय का तिथे?” वॉचमनकाका ओरडले. तिघं पळाली. बॉल तिथेच राहिला हे घरी आल्यावर लक्षात आलं.

“सांगून टाकू आत्याला!” शेपूट म्हणाला.

“आत्ता नको,” सव्वाशहाणा म्हणाला. “सेक्रेटरी म्हणतील, तो रंग आत्यानेच घेतला असेल. तो फक्त त्यांच्याकडेच असतो हे त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायला हवं.” आणि गंमत म्हणजे या वेळी तो खरोखरच शहाणा ठरला.

शनिवारी तिघं लाकडी खोक्याला चार चाकं ठोकून केलेला गाडा ओढत क्लबात गेली. सेक्रेटरी व्हरांड्यात चहा पीत होते, वॉचमनकाका समोर उभे होते.

“सेक्रेटरीकाका, आमच्या गाड्यावर सात आकडा काढून द्या ना! तुमच्यासारखं वळण कुणाच्याच हाताला नाही,” ठिणगी म्हणाली.

सेक्रेटरी फुलले. “पण तुमच्या आत्याकडे पिवळा रंग आहे की!”

“तो असा छान नाही. तुमचाच पाहिजे. जरासा आत्याला पण द्याल?”

“अं हं! तो मिळायचा नाही. दोन रंग मिसळून मी स्वतः बनवतो. डबा कपाटात, किल्ली या खिशात! डब्याला आजवर माझ्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही. काय हो वॉचमन?”

“नाही बा,” वॉचमनकाका म्हणाले.

सेक्रेटरींनी जीभ बाहेर काढून, मन लावून, मोठ्ठा सात काढला.

रविवारी सभेला सगळे जमले. आत्या दारापाशी शेवटच्या खुर्चीवर बसली. कुणी तिला पुढे बोलावलं नाही. बेकरीदादा प्लॅस्टरमधला पाय स्टुलावर ठेवून बसला होता आणि खिडकीबाहेर बघत होता. अध्यक्ष म्हणजे त्या दातांच्या डॉक्टर. त्यांनी कागद उघडला.

“थांबा!” ठिणगी उभी राहिली. “आधी गाडी बघा. उजवा नट बघा!”

“ही काय पोरंटोरं आणलीत सभेत?” सेक्रेटरी गरजले.

“बघायला काय हरकत आहे?” डॉक्टरबाई म्हणाल्या. सगळे शेडमध्ये गेले. बाईंनी टॉर्च धरला, पर्समधला इवलासा आरसा काढला आणि दाढ तपासावी तसा नट सगळीकडून तपासला.

“दोन रंग आहेत,” त्या सावकाश म्हणाल्या. “नट एकदा काढलेला दिसतोय.”

“त्या बाईंनीच दोनदा रंगवला असेल!” सेक्रेटरी म्हणाले. “कुठला तरी पिवळा रंग घेऊन–”

खडखड करत शेपूट गाडा घेऊन आत आला. बाईंनी टॉर्च सातच्या आकड्यावर मारला, मग नटावर, मग परत सातवर.

“डब्याच्या कपाटाची किल्ली यांच्याच खिशात असते, बाई,” वॉचमनकाका म्हणाले. “कुणाचा हात लागत नाही, असं कालच म्हणाले.”

सेक्रेटरींचा चेहरा पडला. मग ते एकदम वळले. “मी काय माझ्या मनानं केलं? यानंच सांगितलं होतं!” त्यांचं बोट बेकरीदादाकडे होतं.

कुबड्यांवर उभ्या असलेल्या बेकरीदादाने मान खाली घातली.

“शर्यतीच्या सकाळी गाडी मागून घसरत होती,” तो म्हणाला. “मी म्हटलं, चाकं जरा आत घ्या. सेक्रेटरीकाकांनी दोन्ही दांड्या सोडवून फिरवल्या. नवे लॉकनट नव्हते, तेच परत बसवले. घाईत हातानेच आवळले.”

“आणि रेघ?” ठिणगीने विचारलं.

“उस्तादांना कळू नये म्हणून.”

आत्या पहिल्यांदाच बोलली. “चौदा दिवस तुला माहीत होतं?”

“तुम्ही ओरडला असतात, उस्ताद.”

“ओरडले असते. ओरडून नवा नटही दिला असता,” आत्या म्हणाली. “मी दोनदा तुझ्या दारात आले. तुझ्या आईनं दार लावून घेतलं. तू आत होतास?”

त्याने मान हलवली. होता. ठिणगीला वाटलं, सेक्रेटरींचा राग आला तेवढा पुरे होता. हे कळलं नसतं तर बरं झालं असतं.

डॉक्टरबाईंनी घसा खाकरला. “शाबास, मुलांनो! काय ती नजर! क्लबतर्फे तिघांना बक्षीस द्यायला हवं. टाळ्या!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरींनीसुद्धा वाजवल्या! “आणि उस्ताद, झालं गेलं विसरून जा. आपण सगळे घरचेच आहोत. सोमवारपासून या कामाला.”

“पण आत्याची माफी कोण मागणार?” ठिणगी म्हणाली.

टाळ्या थांबल्या. बँकेतल्या साहेबांनी घड्याळ बघितलं. बाईंनी आरसा पर्समध्ये ठेवायला फारच वेळ लावला.

आत्या गाडीपाशी गेली. तिने पाना घेतलाच नाही. बोटांनी जरा जोर देताच उजवा नट फिरला आणि तिच्या तळहातावर पडला. तिने तो शेपटाला दिला.

“चपटा कर.”

शेपटाने शेडमधली हातोडी उचलून मारली. सगळ्या शेडमध्ये तेवढाच आवाज होता.

“माझं नाव काढायला जमला होतात ना?” आत्या म्हणाली. “काढा. माझं नाव ठेवून यादी खराब करू नका.”

त्या संध्याकाळी तिने गॅरेजचं शटर ओढलं. आता शर्यतीच्या गाड्या नकोत, स्कूटर, पंप, मिळेल ते करू म्हणाली.

जेवणं झाली. आत्या भांडी विसळू लागली. तिघं दाराच्या फटीशी.

“नळ बंद केला,” शेपूट कुजबुजला. “एका हातानं.”

“मग?”

“गेली बाहेर.”

“परत येते का बघ.”

तिघं श्वास रोखून थांबली. बराच वेळ थांबली.

“नाही आली,” शेपूट म्हणाला.