उजवा पल्ला वर

'फणीवाली' हा भुताचा टीव्हीपट चौतीस वर्षांपूर्वी, पितरांच्या सणात, एकदाच दाखवला गेला आणि दुसऱ्या दिवशी लोक विसरूनही गेले. फुसाए ओरितो मात्र विसरली नव्हती. नटांना किमोनो नेसवायचं काम तिचं होतं. चित्रण संपून आठ दिवस होतात न होतात तोच नायिका चिगुसा जिन्यावरून पडून मेली, आणि साहाय्यक दिग्दर्शक कुरामोचीनं गावभर केलं, "फुसाएनं तिला उजवा पल्ला वर घेऊन नेसवलं होतं."

जिवंत माणसाच्या किमोनोचा डावा पल्ला उजव्यावर असतो. उजवा वर घेतात तो फक्त प्रेताचा. एवढ्या एका वाक्यावर फुसाएला पुन्हा कुणी कामाला बोलावलं नाही. उशांचे अभ्रे शिवून तिनं उरलेलं आयुष्य काढलं.

आता त्या टीव्हीपटाची टेप दूरचित्रवाणी केंद्रातल्या एका जुन्या कपाटात सापडली होती. पुन्हा दाखवण्याआधी तिनं आणि कुरामोचीनं पाहावी म्हणून दोघांना बोलावणं आलं. आज याला खोटं पाडायचंच, असं ठरवून फुसाए भरदुपारी केंद्रावर पोचली.

कुरामोची दारातच भेटला. ऐंशी उलटलेली, अंगात उन्हाळी सुती किमोनो. सवयीनं तिची नजर आधी त्याच्या छातीवर गेली. डावा पल्ला वर. ठीक.

"अजून आहात म्हणायचं!"

"तुमच्या शिव्या खायला कुणीतरी हवं ना, फुसाएसान."

केंद्रातल्या मियाबे नावाच्या मुलीनं दोघांना गार चहा दिला, पडदे ओढले आणि टेप लावली. बाहेर रातकिडे नव्हेत, भर उन्हातले ते कर्कश किडे ओरडत होते. खोलीत जुन्या टेपचा आंबूस वास होता. फुसाएनं चहाचा पेला दोन्ही हातांत घट्ट धरला.

पडद्यावर चिगुसा जाळीच्या खिडकीशी केस विंचरत होती. डावा पल्ला वर!

"बघा! बघा, कुरामोचीसान!"

कॅमेरा दिव्याकडे वळला, परत आला. आता उजवा पल्ला वर होता.

कुरामोचीनंच टेपमध्ये काही फेरफार केला असणार, असं फुसाएला वाटलं. "चित्र उलटं केलंय कुणीतरी."

"नाही हो आजी," मियाबे म्हणाली. "भिंतीवरच्या पंचांगाची अक्षरं सुलटीच आहेत."

"मागे घे," फुसाए म्हणाली. "हळू... अजून हळू."

दिव्याच्या कडेला, काळोखातून, चिगुसाच्या मानेमागून दोन हात पुढे आले. त्यांनी पल्ले सोडवले, फिरवले, नीट चापून बसवले. मागे माणूस नव्हतं. बाहेरचे किडे केव्हा गप्प झाले कुणाला कळलं नाही. आंबूस वासात आता कपड्यांच्या पेटीतला कापूर मिसळला होता.

"हेच हात मी पाहिले होते..." कुरामोची पुटपुटला. "मला वाटलं, तुमचेच. कपड्यांना हात लावणाऱ्या तुम्ही एकट्या."

फुसाएनं पेला उजव्या हातात घेऊन आपला डावा हात त्याच्यापुढे धरला. तर्जनीचं वरचं पेर नव्हतं. पोरवयातच शिवणयंत्रात गेलं होतं. पडद्यावरच्या हातांची दहाही बोटं धड होती.

म्हाताऱ्यानं ते बोट पाहिलं. मग खुर्चीतून उठून कमरेत वाकला. "चुकलो. तुमचं आयुष्य नासवलं मी. आत्ताच्या आत्ता लिहून देतो, सहीनिशी."

फुसाएला रडू आलं. चौतीस वर्षांचं सगळं एकदम आलं. मियाबेनं पडदे उघडले आणि ती कागद आणायला धावली.

उजेडात कुरामोची सरळ उभा राहिला. फुसाएची नजर सवयीनं त्याच्या छातीवर गेली.

उजवा पल्ला वर.

तिचा हात आपसूक पुढे गेला आणि अर्ध्यावर थांबला. आता आपण हात लावला, मियाबेनं दारातून पाहिलं, आणि या माणसाचं काही बरंवाईट झालं तर? कागदावर अजून एक अक्षर नव्हतं.

"कुरामोचीसान," ती हळूच म्हणाली, "तुमचा पल्ला... तुम्हीच नीट करा. लवकर."

त्यानं छातीकडे पाहिलंही नाही.

"नीट?" तो म्हणाला. "अहो, मघाशी अंधारात तुम्हीच नाही का केलात?"

फुसाएच्या उजव्या हातात चहाचा पेला अजून होता. अंधारात दोन्ही हातांत धरलेला तो पेला तिनं एकदाही खाली ठेवला नव्हता.