आल्दोच्या गाडीचं डावं मडगार्ड

सार्जंट हेडन क्राउझने प्लास्टिकची पिशवी टेबलावर ठेवली.

“हे काय आहे, सांगू शकशील?”

व्हर्ली मलांगोने हातातली रबरी पट्टी बाजूला ठेवली. पिशवीत तळहाताएवढा पारदर्शक तुकडा होता. एक कड सरळ कापलेली. बाकीच्या तिन्ही फाटलेल्या, आणि एका कोपऱ्यात कुत्र्याने चावा घ्यावा तसा खोल लचका.

“कुठे मिळालं?”

“रोना मावशी सापडली त्याच चरात. पाचटाखाली दबलं होतं.”

व्हर्लीचा आवाज चढला. “आज? बारा दिवसांनी? बारा दिवस काय करत होतात रे तुम्ही, चरातले बेडूक मोजत होतात?”

हेडनने टोपी काढून टेबलावर ठेवली. शाळेत तो तिच्या मागच्या बाकावर बसायचा. तिचा राग उतू गेल्याशिवाय बोलण्यात अर्थ नसतो, हे त्याला ठाऊक होतं.

रोना मावशी व्हर्लीच्या आईची धाकटी बहीण. वय त्रेसष्ट, मागे एकच लेक. ऑस्ट्रेलियातल्या या एअर गावात प्राथमिक शाळेसमोर एकोणीस वर्षं तिने पोरांना हात धरून रस्ता ओलांडून दिला. बुधवारी, अकरा जूनला, पहाटे सहाला ती सायकलवरून साखर कारखान्याच्या रस्त्याने निघाली होती. मागून कोणाची तरी गाडी घासून गेली आणि मावशी सायकलसकट चरात फेकली गेली. गाडी थांबली नाही. डॉक्टर म्हणाले, ती दोन तास जिवंत होती. कोणी एक फोन केला असता तर वाचली असती.

दोन तास.

तिने हातमोजे चढवले, तुकडा बाहेर काढला आणि त्यावर पाण्याचे चार थेंब टाकले. थेंब पसरले नाहीत. मोत्यासारखे गोल उभे राहिले आणि तुकडा तिरका करताच घरंगळून गेले.

“गाडीच्या रंगावर चिकटवायची फिल्म आहे ही. आणि वर सिरॅमिक कोटिंग, म्हणून पाणी असं पळतंय. मालकाने दोन्ही करून घेतलंय. खडे लागले तर मार फिल्म खाते. चिखल, राख, वटवाघळांची घाण कोटिंगवर टिकत नाही.”

“अशा गाड्या गावात किती?”

“तीन. तिन्ही इथेच झाल्यात. फिल्म बसवायला मी आणि मर्व्ह, दोघंच आहोत इथे. तिसरा माणूस हवा तर टाउन्सव्हिलला जावं लागतं.”

तेवढ्यात मर्व्ह टिंडल चहाचे मग घेऊन आतून आला. वर्कशॉप त्याचंच. साठीचा, डावखुरा, कमी बोलणारा माणूस. अकरा वर्षांपूर्वी व्हर्लीच्या हातात पहिला कटर त्यानेच दिला. मावशीच्या शवपेटीला त्याने खांदा दिला होता आणि दफनानंतर व्हर्लीला आठवडाभर सुट्टीही. “रडून घे, पोरी. काम कुठे पळून जात नाही,” असं म्हणाला होता.

त्याने पिशवीकडे पाहिलं. मग न सांगताच कपाटातून त्या गाड्यांच्या कामाची तीन कार्डं काढून आणली.

“बघून या तिन्ही गाड्या. फक्त एक लक्षात ठेवा. आल्दो कात्तारुझाच्या डाव्या मडगार्डची फिल्म नवी दिसेल. खड्यांनी पार खराब झाली होती म्हणून मार्चमध्ये मीच बदलली. हे बघा, कार्डावर तारीख आहे. उगाच बिचाऱ्या म्हाताऱ्यावर संशय नको.”

“मला कसं आठवत नाही?” व्हर्लीने विचारलं.

“तू पुरामुळे बोवेनला अडकली होतीस ना नऊ दिवस.”

ते खरंच होतं.

औषधवाल्याच्या गाडीवरची फिल्म चार वर्षांची, किंचित पिवळसर, पण अख्खी निघाली. दुसरी गाडी मागच्या वर्षीच विकली जाऊन पर्थला गेली होती. उरली आल्दोची.

आल्दो कात्तारुझा पत्र्याच्या शेडबाहेर कुबडीवर रेलून उभा होता. शेजारच्या शेतात उसाचा फड नुकताच जाळला होता. पाचटाची काळी राख पिसांसारखी तरंगत खाली येत होती, कपड्यांवर, केसांवर, कुत्र्याच्या पाठीवर.

“माझी गाडी?” म्हातारा भडकला. “रोनाच्या दफनाला मी स्वतः फुलं पाठवली, आणि तुम्ही माझ्या दारात?”

“काका, प्रश्न सगळ्यांनाच विचारतोय,” हेडन म्हणाला. “अकरा जूनला तुम्ही कुठे होतात?”

“टाउन्सव्हिलला, इस्पितळात. गुडघा बदलून घेतला. तिथून पोरीकडे. परवा आलो. पावसाने यंदा सगळंच लांबवलं. नऊ जूनला या भागातला पहिला फड पेटला, आणि मी खाटेवर! चाळीस वर्षांत पहिल्यांदा चुकला.”

“गाडीची किल्ली?”

“शेडमध्ये खिळ्याला. कामाची माणसं येतात-जातात. कोटिंगवर नवा हात मारायला मर्व्ह येतो. कुलूप लावायला हे काय सिडनी आहे?”

“मार्चमध्ये मडगार्डची फिल्म बदललीत?”

आल्दोने डोकं खाजवलं. “बदलली असेल. मर्व्ह करतो ते मी बघत नाही.”

व्हर्ली शेडमधल्या गाडीपाशी गेली. पांढरी, रुंद, टायर कमरेएवढे. तिने बादलीभर पाणी डाव्या मडगार्डवर ओतलं. सगळीकडे सारखे मोती. कोटिंग होतंच.

मडगार्ड पुसून ती गुडघ्यावर बसली आणि टॉर्च तिरपा धरला. फिल्म नवी होती. कडा सफाईने आत मुडपलेल्या. रंगावर कुठेही खरचटलेलं नव्हतं. माणसाचा जीव गेला तरी या पत्र्याला काही झालं नसेल, या विचाराने तिच्या डोक्यात तिडीक गेली.

मग टॉर्चच्या उजेडात, कडेपासून दोन बोटांवर, फिल्मच्या खाली तिला तीन काळे ठिपके दिसले. दोन मोहरीएवढे. तिसरा लांबट, पिसासारखा.

तिने त्यांवरून नख फिरवलं; ठिपके हलले नाहीत. उठली तेव्हा तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. तिने हेडनला बाजूला नेलं, दोन मिनिटं कुजबुजली आणि मग फोन लावला.

“मर्व्ह, आल्दोकाकांकडे या जरा. मडगार्डची कड सुटतेय असं वाटतंय.”

वीस मिनिटांत मर्व्ह हजर झाला. कटर आणि पाण्याची बाटली घेऊन.

“ही फिल्म मार्चमध्ये बसवली?” हेडनने विचारलं.

“कार्ड दाखवलंय की.”

“कुठे?”

“वर्कशॉपमध्ये. दार लावून, फरशी ओली करून. धुळीचा एक कण चालत नाही आम्हाला.”

“त्यानंतर कोणी उचलून पुन्हा चिकटवली?”

“छे! एकदा बसली की बसली. उचलली तर फेकूनच द्यावी लागते.”

“मग हे काय आहे, मर्व्ह?” व्हर्लीने टॉर्च धरला.

तो वाकला.

“उसाची राख,” ती म्हणाली. “फिल्मच्या खाली. यंदाचा पहिला फड नऊ जूनला पेटला. मार्चमध्ये या अख्ख्या खोऱ्यात राखेचा कण नसतो, नुसता चिखल असतो. ही फिल्म नऊ जूननंतर बसलीय.”

“मागच्या वर्षीची असेल. शेडमध्ये साठते.”

“तुम्ही आत्ताच म्हणालात, वर्कशॉपमध्ये बसवली. दार लावून. शेडमधली राख तिथे कशी आली? आणि इथे शेडमध्ये, शेजारी फड पेटलेला असताना घाईने बसवली, तर मात्र आलीच.”

मर्व्हने फिल्मची कड अंगठ्याने दाबून पाहिली.

“इथे हे काम येणारे हात दोघांचेच. माझे आणि तुमचे. माझे हात त्या आठवड्यात मावशीच्या घरी भांडी घासत होते, कारण तुम्ही मला सुट्टी दिली होती. फिल्मवर पुन्हा कोटिंग मारायलाही विसरला नाहीत. खोटं कार्ड लिहिलंत, म्हणून फसलात. ‘मागच्या नोव्हेंबरात, फड पेटलेले असताना बदलली’ म्हणाला असतात, तर या राखेवर मी काहीच बोलू शकले नसते.”

“नुसत्या राखेवरून...” मर्व्हचा आवाज फाटला.

“नाही, नुसत्या राखेवरून नाही. हेडन, दिवा काढ.”

हेडनने डाव्या दिव्याचे स्क्रू काढले. दिवा पुढे ओढला.

“चार वर्षांपूर्वी ही जुनी फिल्म मी बसवली होती,” व्हर्ली म्हणाली. “तिची शेपटी मी दिव्याच्या मागे चार बोटं आत नेते. दिवा काढल्याशिवाय ती निघत नाही. घाईत असलेला माणूस दिसते तेवढी सोलतो, आणि नवी वरून मुडपतो.”

दिव्याच्या पोकळीत पिवळट फिल्मची पट्टी पत्र्याला चिकटलेली होती. तिची कड फाटलेली, आणि त्यातून एक खोल सुळका बाहेर आलेला. हेडनने पिशवीतला तुकडा शेजारी धरला. सुळका लचक्यात चपखल बसला.

आल्दोच्या तोंडून इटालियनमध्ये एक शिवी निघाली. “माझ्या गाडीने? मर्व्ह, माझ्या गाडीने?”

मर्व्ह खाली उकिडवा बसला. कटर हातातून सुटला.

“कोटिंग करायला गाडी घेऊन निघालो होतो. फोनवर मेसेज आला. एक सेकंद खाली बघितलं. एकच.”

“आणि मग?” हेडनने विचारलं. “थांबलास?”

“थांबलो. उतरलो. वाटलं, संपलीय.” तो जमिनीकडे बघत बोलत होता. “पण तिने हात वर केला. मला ओळखलं तिने. ‘मर्व्ह’ म्हणाली.”

आल्दोने छातीवर क्रूसाची खूण केली.

“फोन कुठे होता?” व्हर्लीने विचारलं.

“हातातच.”

व्हर्ली इतक्या वेगाने पुढे झाली की हेडनला आडवं यावं लागलं. त्याच्या खांद्यावरून ती ओरडली, “हातात होता! तीन आकडे दाबायचे होते रे, तीन! ते बोट वळलं नाही, आणि फिल्मच्या कडा मुडपायला दहा बोटं वळली तुझी?”

अकरा वर्षांत ती पहिल्यांदाच त्याला अरे-तुरे करत होती. मर्व्हने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते बघून ती आणखीच पेटली.

“वर्कशॉप गेलं असतं, पोरी. लोकांनी गाड्या दिल्या नसत्या. तुझीही नोकरी—”

“माझं नाव घेऊ नकोस यात!”

हेडनने त्याला दंडाला धरून उठवलं. दारापाशी मर्व्ह थबकला.

“तिने हाक मारली होती, हे तिच्या लेकीला सांगू नकोस. एवढं ऐक माझं.”

“मी नाही सांगणार,” व्हर्ली म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता, आणि ते जास्त भयंकर होतं. “तू सांगशील. कोर्टात, उभं राहून, तिच्या डोळ्यांत बघून. मी तिच्या शेजारी बसलेली असेन. एक शब्द जरी गाळलास, तर मी उभी राहून तो सांगेन.”

पोलिसांची गाडी ऊस वाहणाऱ्या छोट्या रेल्वेच्या रुळांवरून धडधडत पलीकडे गेली. आल्दो कुबडी टेकत तिच्याकडे आला आणि शेजारी उभा राहिला. व्हर्ली दोन्ही मुठी आवळून रस्त्याकडे बघत उभी होती. धूळ खाली बसली, तरी तिला त्या उघडता आल्या नाहीत.