साबणानं घासलेलं मडकं

"अगं पोरी, काय केलंस हे!" देओलिंदा किंचाळली, तशा अंगणातल्या कोंबड्या फडफडत कुंपणाकडे पळाल्या.

मोरीपाशी अमेरिकेहून आलेली तिची भाची ग्रासा कोपरापर्यंत फेस घेऊन उभी होती. पुढ्यात देओलिंदाच्या आईचं मातीचं मडकं... पिढ्यान्‌पिढ्या चरबी, वाइन आणि तमालपत्र पिऊन काळंभोर झालेलं ते मडकं घासून घासून लालभडक झालं होतं! या तेर्सेइरा बेटावरचं शेंबडं पोरही सांगेल, की मांस शिजवायच्या या मडक्याला फक्त गरम पाणी दाखवायचं. साबण लावला तर माती तो पिते आणि मग घासाघासाला साबणच लागतो. त्यात उद्या पवित्र आत्म्याचा सण! देओलिंदानं नवस बोललेला. दारी येईल त्याला पोटभर वाढायचं होतं.

"मावशी, मला वाटलं... जळून काळं झालंय..."

"जळलंय ते माझं नशीब! तुझ्या आईनं सगळं नेलं, हे एक मडकं उरलं होतं, तेही तू धुऊन टाकलंस! उचल तुझी पिशवी. ज्या वाटेनं आलीस, त्याच वाटेनं जा!"

बोलता बोलता तिला ते जुने दिवस आठवले. मामानं अमेरिकेला दोघी बहिणींपैकी एकीलाच बोलावलं होतं, आणि तो मान थोरलीचा, म्हणजे देओलिंदाचा होता. पण आई अर्धांगानं अंथरुणाला खिळलेली, आणि धाकटी नतालिया पायांशी बसून रडत होती, "ताई, मी इथं कुजून जाईन गं!" देओलिंदानं स्वतःचा नवा कोट तिच्या अंगावर चढवला आणि तिला धाडून दिलं. आई 'नतालिया, नतालिया' करीत गेली, पण ती मातीलासुद्धा आली नाही! आणि आता, नतालियाच्या मरणानंतर, तिची लेक आजीच्या हाताची चव शिकायला आली होती...

ग्रासा पिशवी घेऊन बाहेर आली. डोळे सुजलेले.

"जाते, मावशी. पण चव शिकायचं हे नुसतं निमित्त होतं. शेवटच्या दुखण्यात आई म्हणाली, 'ताईकडे जा. काही मागू नकोस, आधी तिची भांडी घास. आजीचं हगलं-मुतलं तिनं एकटीनं काढलं. मी कधी एक वाटीही विसळली नाही.' म्हणून सकाळपासून..."

देओलिंदानं वळून पाहिलं. कठड्यावर घरातली झाडून सगळी भांडी उपडी घातलेली, कळकट तवासुद्धा उन्हात चमकत होता.

"ती... ती असं म्हणाली?"

"'ताईला तोंड दाखवायची लाज वाटते,' म्हणायची. रडायची आणि म्हणायची."

"मेली वेडी!" देओलिंदाच्या कंठातून हुंदका फुटला. "अगं, लाज कसली बहिणीची! नुसती दारात उभी राहिली असती, तरी मी..." इतकी वर्षं उरात दडवलेला तो दाह अश्रूंवाटे वाहू लागला, आणि तिनं ओल्या हातांच्या त्या पोरीला घट्ट कवटाळलं!

गडग्यापलीकडून शेजारीण इदालिना खेकसली, "रडून झालं असेल तर मांसाकडं बघा! माझं नवं मडकं दोन दिवस पाण्यात भिजतंय, ते घेऊन जा."

"नव्या मडक्याला मातीची चव येते!"

"साबणापेक्षा माती बरी, बाई!"

रडता रडता तिघी हसल्या. मग देओलिंदानं भाचीचा हात हातात धरून नव्या मडक्याला आतून चरबी आणि लसूण चोळायला शिकवलं. तळाला कांदा, वर मांस, मांस बुडेल इतकी वाइन. रात्रभर ते भट्टीत शिजत मुरलं.

दुसऱ्या दिवशी मिरवणूक आटोपून गाव जेवायला बसलं. म्हाताऱ्या बेल्मिरोनं पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "देओलिंदा, यंदा माती खायला घालतेस होय?"

"नवं मडकं आहे. दहा-बारा सण गेल्याशिवाय मुरायचं नाही. ही येईल दरवर्षी, आता हिच्याच हातानं रांधायचं ठरलंय."

ग्रासा पावाची टोपली घेऊन जागच्या जागी थबकली. असं कधी ठरलं होतं?

"बघत काय उभी राहिलीस?" मावशी डाफरली. "म्हाताऱ्याला पाव वाढ!"