गुलाबवाली आणि मार्गरिटवाला

शेर्माची क्वाड बाईक वळणावरून भन्नाट आली, डबक्यात घुसली आणि डबक्यातलं पाणी एका माणसाच्या अंगावर गेलं. थोडंथोडकं नाही, सगळंच! खांद्यावर दोरांची वेटोळी घेऊन बिचारा पायवाटेनं चालला होता. आता तो टोपीपासून बुटांपर्यंत नुसता चिखल झाला होता.

"अगं बाई!" शेर्मानं करकचून ब्रेक दाबला. "सॉरी, सॉरी! दिसलाच नाहीस रे तू."

त्यानं शांतपणे डोळ्यांवरचा चिखल पुसला. "आता दिसतोय का?"

तिला हसू आवरेना. तोंडावर हात दाबला तरी ते बोटांमधून सांडतच होतं.

"हसून घे," तो म्हणाला. त्याची नजर तिच्या डोक्याच्या लाल रुमालाकडे गेली. "गुलाबवाली ना तू? तरीच. आधी आवाज येतो, मागून माणूस."

शेर्मानं त्याच्या खिशाला लावलेलं चिमुकलं जांभळं फूल पाहिलं. "आणि तू मार्गरिटवाला. तरीच! वळणावर एवढा हॉर्न वाजवला, तर हू नाही की चू नाही."

दोघंही एकमेकांकडे बघत राहिले... आणि मग दोघंही हसले.

आता हे फुलांचं प्रकरण सांगायलाच हवं. कॅरिबियनमधल्या सेंट लुशिया बेटावरच्या त्या डोंगराळ गावांमध्ये फुलांची दोन मंडळं, एक गुलाबाचं, दुसरं मार्गरिटचं. दोघांचे राजे वेगळे, राण्या वेगळ्या, सण वेगळे, गाणीही वेगळी. सणाआधी कित्येक आठवडे गाण्याच्या बैठका चालतात. गुलाबवाले नाचून, टाळ्या पिटून छप्पर डोक्यावर घेतात. मार्गरिटवाले खुर्चीत बसून सुरात गातात आणि शेजारचा गोंगाट ऐकून नाकं मुरडतात. लग्नं जुळतात, मैत्र्या होतात, पण समोरच्यांचं गाणं स्वतःच्या तोंडानं म्हणायचं? जीव गेला तरी नाही! त्यात चिखलानं माखलेला हा केर्विन म्हणजे मार्गरिटच्या मुख्य गायिकेचा, मा युजेनीचा मुलगा. शेर्मा आणि केर्विन जिथं कामाला होते, त्या जंगलसफरीच्या ठिकाणचं स्वयंपाकघरही तीच चालवायची. हातात झारा असायचा आणि कान सतत वॉकीटॉकीकडे.

शेर्मा क्वाडवाल्या पाहुण्यांना घेऊन ओढे ओलांडत वर यायची आणि जिथं तिची वाट संपायची, तिथंच केर्विनची झिपलाइन, म्हणजे तारेला लटकून दरी पार करायचा खेळ, सुरू व्हायची. मग रोजचंच झालं. सर आली की दोघं मचाणाखाली उभे राहायचे. नेच्याच्या पानांवरून थेंब निथळायचे, आणि तो तिच्या हेल्मेटवरचं पान बोटानं हळूच काढायचा.

"पान होतं," तो म्हणायचा.

"हो का? रोज बरं माझ्याच डोक्यावर पडतं!"

तो दोर गुंडाळायला लागायचा. कान मात्र लाल व्हायचे. आता सांगून टाकेल, असं तिला रोज वाटायचं. पण मार्गरिटवालाच तो... बोलेल तर शपथ!

आणि मग बॉसनं नियम काढला. पुढच्या महिन्यापासून क्वाडवाले आणि झिपलाइनवाले अशी वेगळी माणसं नाहीत. प्रत्येकाला दोन्ही जमलं पाहिजे. दरीवरची मोठी तार ज्याला पार करता येणार नाही, त्यानं बंदरावरच्या काउंटरला बसून जहाजातून उतरणाऱ्यांना तिकिटं विकायची.

पुराच्या ओढ्यात क्वाड घालणारी शेर्मा उंचीला मात्र भयंकर भ्यायची. घराच्या पत्र्यावर चढायचं म्हटलं तरी ती शिडीला हात लावायची नाही. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. केर्विनला सांगितलं.

"हसू नकोस हं," ती म्हणाली.

"मी कधी हसलोय तुला?"

"तेही खरंच." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "मला त्या काउंटरवर नाही रे बसायचं. हे जंगल सोडून... हे सगळं सोडून..."

"हे सगळं म्हणजे काय काय?"

"झाडं," ती घाईनं म्हणाली. "चिखल. तुझ्या आईची तळलेली पोळी."

"बस? एवढंच?"

"केर्विन, मी मरणाची घाबरलेय, आणि तुला मस्करी सुचतेय!"

"बरं, ऐक." त्यानं तिचे दोन्ही हात धरले. पहिल्यांदाच धरले. "तारेवर हात दाबला की ब्रेक लागतो. तो लवकर लावू नकोस. लावलास तर मधेच थांबशील. थांबलीस तर पाठ माझ्याकडे कर आणि हातांनी तार ओढत ओढत ये. पण यायचं तुझं तू. मी आणायला आलो, तर तू नापास."

परीक्षेच्या दिवशी रिमझिम चालू होती. अलीकडच्या मचाणावर बॉस आणि पलीकडे, ढगात अर्धा बुडालेला केर्विन. शेर्मानं डोळे मिटले आणि पाय सोडले.

वारा कानात घोंघावला, डोळे उघडले तर खाली नुसती हिरवी पोकळी! झालं. हात आपोआप तारेवर आवळला गेला. वेग कमी झाला, आणखी कमी झाला... आणि ती छातीशी पट्टा कवटाळून दरीच्या बरोबर मधोमध लटकत थांबली.

"वळ, शेर्मा," छातीवरच्या वॉकीटॉकीतून केर्विन म्हणाला. "हात वर कर."

"नाही जमत," ती रडवेली झाली. "हात हलतच नाहीयेत. ये ना तू."

त्यानं मचाणावरून एक पाऊल पुढं टाकलं की तो तिला घेऊन येणार होता, आणि पुढच्या महिन्यापासून ती बंदरावर. तिला हे कळत होतं, तरी ती "ये" म्हणाली होती. आपण हरलो, असं वाटून तिचे डोळे भरून आले.

आणि वॉकीटॉकीतून गाणं आलं.

केर्विन गात होता. गुलाबाचं गाणं! मार्गरिटच्या मुख्य गायिकेचा मुलगा, सगळ्या जंगलाला ऐकू जाईल असा, गुलाबवाल्यांच्या राणीचं कौतुक गात होता. शेर्माला वाटलं, भीतीनं आपल्याला भास होतोय. पण भास एवढा बेसूर नसतो. शब्दही चुकत होता गधडा, राणीच्या मुकुटाऐवजी तिच्या छत्रीचं वर्णन करत होता.

"छत्री नाही रे, मुकुट!" ती ओरडली. "मुकुट आधी!"

"आधी छत्री," तो म्हणाला आणि पुन्हा चुकीचंच गायला लागला.

"अरे देवा! गप्प बस, मी म्हणते!"

आणि ती म्हणायला लागली. गुलाबाचं गाणं काही कुणाला स्वस्थ बसून म्हणता येत नाही. आधी मान हलली, मग खांदे हलले, मग टाळीसाठी हात वर गेले आणि तार हाताला लागली. ती वळली. एका तालाला एक हात, दुसऱ्या तालाला दुसरा. रडत होती, हसत होती, गात होती आणि ओढत होती. अखेर तिच्या पाठीला केर्विनचा हात लागला. त्यानं तिला मचाणावर ओढून घेतलं, तिचे पाय फळ्यांना टेकले. तिनं त्याच्या गळ्यात हात टाकले आणि हुंदका देऊन मोकळा श्वास घेतला.

"आले," ती पुटपुटली. "आले रे मी."

तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरली. "केर्विन!" मा युजेनीचा आवाज. दोघंही जागच्या जागी गोठले.

"हो... आई."

"तिसऱ्या ओळीत सूर गेला तुझा. गायचंच होतं, तर नीट तरी गायचंस. माझं नाव घालवलंस." जरा वेळ नुसती भांड्यांची आदळआपट ऐकू आली. "पोरगी पोचली का?"

"पोचली."

"मग जेवायला घेऊन ये तिला. दमली असेल." आणि आवाज बंद झाला.

शेर्मा त्याच्या खांद्यावर डोकं टेकून हसत सुटली. छातीवरचा केवढा तरी दगड उतरला होता.

"का गायलास रे?" तिनं विचारलं. "आता गाव तुला सोडणार नाही. बैठकीत तुझ्यावर गाणी रचतील."

"रचू देत." त्याचे कान लाल झाले होते, पण या वेळी तो गप्प राहिला नाही. "तू बंदरावर गेली असतीस, तर मी इथं कुणासाठी थांबलो असतो? मला तू आवडतेस, शेर्मा. अंगावर चिखल उडवलास ना, तेव्हापासून."

"एवढे दिवस तोंडात काय मूग धरले होतेस?"

"तू बोलूच कुठं देतेस!"

ती त्यावर काहीतरी फटकळ बोलणार होती. पण त्यानं तिच्या ओल्या कपाळावरची बट मागे सारली आणि तिनं त्याच्या गळ्यातले हात आणखी घट्ट केले.

"शेर्मा, पास झालीस तू," पलीकडून बॉस म्हणाला. उतरलेल्या माणसाची तारेतली कडी सुटल्याशिवाय पुढच्याला सोडायचं नाही, हा इथला पक्का नियम. "पुढचा माणूस ताटकळलाय इथं. तार मोकळी झाली का?"

शेर्मानं वर पाहिलं. तिची कडी अजून तारेलाच होती आणि केर्विनचे हात तिच्याभोवती. तिनं वॉकीटॉकीचं बटण दाबलं.

"नाही, बॉस," ती म्हणाली. "जरा वेळ लागेल."