निवेदिकेने नवऱ्यास हाका मारणेबाबत

विषय : आपल्या केंद्रावरील निवेदिकेने अर्जदाराच्या नवऱ्यास रोज सायंकाळी नावाने हाका मारणे बंद करणेबाबत.

संदर्भ : सौ. उमाबाई मलप्पा बिराजदार, मु. सिदाळवाडी, मार्गे किल्लारी, जि. लातूर, यांचा अर्ज.

उपरोक्त अर्ज नायगावच्या ‘शिवार रेडिओ’त आला, तेव्हा तो खोडसाळ असावा असेच प्रथमदर्शनी सर्वांचे मत पडले. सर्व म्हणजे तिघे. संचालक संगमेश्वर सर, ज्यांना प्रशासन आणि संशय या दोन शब्दांत फारसा फरक वाटत नसे. तंत्रज्ञ रामलिंग पांचाळ. आणि निवेदिका तनुजा हंबर्डे, जिच्यावर अर्ज होता. दोन खोल्या आणि गच्चीवर एक टॉवर, एवढेच केंद्र. आवाज आसपासच्या गावांत बरा जाई, धर्माबादची वाट धरली की खरखर सुरू. आणि अर्ज आला होता किल्लारीच्याही पुढून. तिथे शिवार रेडिओ ऐकू येणे म्हणजे नायगावात कुणी शिंकावे आणि लातुरात कुणी रुमाल काढावा, तसले.

सरांनी अर्ज वाचला, चष्मा खाली घेतला.

“मॅडम, हे मलप्पा कोण?”

“मला काय माहीत, सर?”

“तुमचा आवाज, तुमचं नाव. रोज दिवेलागणीला, शेतातल्या पत्र्याच्या शेडातून. नवरा तिथंच बसून राहतो, जेवायला उठत न्हाई, असं बाईनं लिहिलंय.”

“आपली लहर तिथपर्यंत जातच न्हाई, सर.”

“लहर जात न्हाई,” सर म्हणाले, “फोन जातो.”

केंद्राच्या परवान्याचे नूतनीकरण वरच्या कचेरीत अडकलेले होते. अशात ही बाई आणखी वर लिहिती झाली, तर केंद्रालाच कुलूप लागायचे. म्हणून सरांनी तोडगा काढला. तनुजाने रामलिंगला घेऊन जावे, प्रकार काय तो पाहावा, तक्रार नसल्याचे बाईंकडून लिहून आणावे. तोवर माइकला हात लावू नये.

हे शेवटचे तिला झोंबले. घरी लहानपणापासून तिला ‘हळू बोल’ एवढेच ऐकवलेले. ‘जरा मोठ्यानं’ असे तिला पहिल्यांदा कुणी म्हटले ते या खोलीत, काचेपलीकडून रामलिंगने. ती खोली जाणार म्हटल्यावर तिला सरांचा संशय आला. त्यांना स्वतःला माइकवर बोलायची हौस होती, हे सगळ्या नायगावाला ठाऊक होते.

तिचा दिवेलागणीचा कार्यक्रम होता ‘रेडिओला विचारा’. लोक विचारत, ती सांगे. मोटारसायकल जवळून गेली की रेडिओ का खरखरतो? तिच्या प्लगमधल्या ठिणगीमुळे. लांबची केंद्रे अंधार पडल्यावरच का लागतात? मिडियम वेव्हची लहर रात्री वरच्या हवेच्या थरावर आपटून दूर जाऊन उतरते, म्हणून. आणि सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न असा, की आम्ही इकडं बोललेलं तुम्हाला तिकडं ऐकू येतं का? त्यावर ती हसून म्हणे, “न्हाई हो. रेडिओ एकतर्फी असतो. आम्ही बोलायचं, तुम्ही ऐकायचं. ऐकताय ना?” आणि क्षणभर थांबे. थांबायचे रामलिंगनेच शिकवले होते.

अलीकडे मात्र त्या थांबण्यात काहीतरी घुसत होते. बारीक, घोगरे, नाकातले. रामलिंग म्हणे, “हम हाय. अर्थिंग बिघडलं की विजेची गुणगुण आवाजात शिरती.” त्याने नवा खड्डा खणला, मीठ-कोळसा भरला. हम हटला नाही.

“दादा, हा हम सलग न्हाई,” तनुजा एकदा म्हणाली होती. “माझं वाक्य संपलं की येतो.”

“हमला काय व्याकरण कळतं व्हय?” रामलिंग म्हणाला, आणि विषय तिथेच थांबला.

असो. नांदेड, लातूर, किल्लारी अशी एसटी बदलत आणि शेवटी जीपमध्ये आठ जणांच्या जागेत चौदा जणांसह बसून दोघे सिदाळवाडीला पोचले, तेव्हा ऊन कलले होते. उमाबाई दारातच उभ्या होत्या. हाडकुळ्या, कपाळावर विभूतीची बोटे, नजर तराजूसारखी. त्यांनी रामलिंगकडे पाहिलेसुद्धा नाही.

“तूच का ती?”

“मावशी, मी तनुजा. नायगावहून आलो आम्ही, तुमच्या अर्जा...”

“बास. हाच आवाज.” उमाबाईंनी पदर खोचला. “आत या, चहा प्या. आवाजानं घर बुडवलं असलं तरी पाव्हणी दारात आलीय.”

चहा होईपर्यंत त्यांनी सगळे सांगितले. शेड भूकंपानंतरच्या दिवसांतला, सरकारी पत्र्याचा. पुढे पक्की घरे मिळाली तसा तो उचलून शेतात नेला आणि सोयाबीन ठेवायला वापरला. पेरणीच्या आधी एका संध्याकाळी मलप्पा पोती झाकायला गेले ते अंधार पडल्यावर आले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

“ती बोलती, हे हं म्हणतेत,” उमाबाई म्हणाल्या. “गोष्ट ऐकताना लेकरं हं म्हणतेत की न्हाई, तसं. लग्न झाल्यापासनं मला एकदा हं म्हटलं न्हाई ह्या माणसानं. मी बोलले की उठून बैलाकडं जायचे. बैल विकला तर टीव्हीकडं. आता तिला मात्र वाक्याला हं, वाक्याला हं. अन् भाकरी तशीच.”

रामलिंग हसू दाबत होता. तनुजाला हसू आले नाही.

शेड गावाबाहेर, माळाच्या अंगाला होता. वाटेने रामलिंग धीर देत होता, तिला का स्वतःला, ते कळत नव्हते. “पत्रा बोलू शकतो, मावशी. जवळ मोठं केंद्र असलं अन् पत्र्याचा सांधा गंजला, तर तो सांधाच रेडिओसारखं काम करतो. पण ते मिडियम वेव्हचं. आपलं एफएम. ते गंजातून बोलत न्हाई. कुणीतरी आवाज भरून मोबाइल लपवलाय, बघा.”

“कोण लपवंल? हिथं मोबाइलला रेंज न्हाई, लाईट न्हाई. अन् माझ्या माणसाच्या मागं लागायला त्यांच्यात हाय काय?” उमाबाई म्हणाल्या.

रामलिंग आत शिरला. पोत्यांच्या मागे, तुळ्यांवर, पत्र्याच्या सांध्यांतून बॅटरी फिरवली. तार नाही, डबी नाही, काही नाही. आत जुन्या सोयाबीनचा कोंदट वास होता आणि त्याखाली गंजाचा, ओठ चावल्यावर जिभेला लागतो तसला. दिवसभर तापलेले पत्रे निवत होते. टक्... टक्... मध्येच एखादा दाराशी, मग एखादा पार कोपऱ्यात, जणू कुणी बोटाने वाजवत आतून फिरत होते.

मलप्पा पालथ्या घमेल्यावर बसलेले होते. पांढरे धोतर, हात गुडघ्यांवर, डोळे मिटलेले. तिघे आत आले याची त्यांनी दखल घेतली नाही.

रामलिंगने खिशातला छोटा रेडिओ काढून पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. शिवार रेडिओच्या जागी नुसती खरखर. मग तो बाहेर जाऊन लांब बांधावर चढला, रेंज मिळवली, नायगावला फोन लावला आणि परत आला. “तिकडं माइकवर सर आहेत,” तो हळूच म्हणाला. “ठिबक सिंचनावर बोलून राहिलेत. तुझं रेकॉर्डिंगबी लावलेलं न्हाई.”

तेवढ्यात पत्र्यांची टकटक थांबली. एकदम, सगळीच.

“नमस्कार मंडळी. मी तनुजा.”

आवाज वरून आला नाही, समोरून आला नाही. पत्र्याला कान लावून ऐकावे तसा चहूकडून आला. थोडा पातळ, थोडा थंड. पण तिचाच. ‘मंडळी’ म्हणताना तिचा स्वर शेवटी किंचित वर जातो, तसा याचाही गेला.

“मलप्पा, ऐकताय ना?”

“हं,” मलप्पा म्हणाले.

आणि तनुजाला कळले. बारीक, घोगरे, नाकातले. कितीतरी दिवस कानांवरच्या हेडफोनमध्ये ती हेच ऐकत होती. तिने रामलिंगकडे पाहिले. तो जमिनीकडे पाहत होता. अर्थिंगच्या खड्ड्यात किती मीठ घातले होते, ते बहुधा त्याला आठवत असावे.

“आज माळावर वारा होता,” आवाज म्हणाला.

“हं.”

“लोक विचारतात, रेडिओ बंद केला की आवाज कुठं जातो...”

“हं.”

“कुठं जाणार? जिथं कुणी हं म्हणतं, तिथं जातो.”

“हं.”

हा प्रश्न तिला कधी कुणी विचारला नव्हता. असले उत्तर तिने कधी दिले नव्हते. उमाबाईंनी तिच्या दंडाला धरले. त्या पकडीत आता राग नव्हता.

“अवं, डोळे उघडा,” उमाबाई म्हणाल्या. “ती बाई हिथं उभी हाय. खरीखुरी. बघा तरी.”

मलप्पांनी डोळे उघडले. तनुजाकडे पाहिले. पोटच्या पोरीच्या घरात परका माणूस दिसावा, तसे.

“काका, मी तनुजा,” ती म्हणाली. “रेडिओवरची.”

ते ऐकत राहिले, मग त्यांनी मान हलवली. “न्हाई. आवाज तसाच काढती, पण ही ती न्हाई.”

पत्र्यांत काहीतरी हलले.

“मलप्पा... कोण आलंय?”

मलप्पांनी तनुजावरची नजर काढली नाही. “कुणी न्हाई,” ते म्हणाले.

रामलिंग केव्हाच दारापर्यंत मागे सरकला होता. पण गेली दोन वर्षे तनुजाने एकच काम केले होते. वेळ झाली की कार्यक्रम संपवायचा. तिने डोळे मिटले, समोर माइक आहे असे धरले, आणि काचेपलीकडून ‘जरा मोठ्यानं’ ऐकल्यावर बोलायची तेवढ्या आवाजात बोलली.

“तर मंडळी, आजचा कार्यक्रम इथंच संपला. मलप्पा, आता घरी जा. उमाबाई जेवायला वाट बघतायत. त्या बोलतील ते ऐका.”

मलप्पा उठले. गुडघ्यांवर हात टेकून, साध्या म्हाताऱ्या माणसासारखे. धोतर झटकले, दाराकडे गेले, आणि जाता जाता बायकोला म्हणाले, “पिठलं केलीस का?”

उमाबाईंच्या डोळ्यांतून पाणी आले. “केलंय की,” त्या म्हणाल्या.

“हं,” मलप्पा म्हणाले. आणि दोघे बांधावरून पुढे निघाले.

तनुजा शेवटी बाहेर पडत होती. उंबऱ्यावर पाय असताना मागून, रिकाम्या शेडातून, तिच्याच आवाजात कुणीतरी म्हणाले, “हं.”

तिने मागे वळून पाहिले नाही. रामलिंगला विचारले, त्याने काही ऐकले का. तो म्हणाला, पत्रा निवत होता.

उमाबाईंनी तक्रार नसल्याचे लिहून दिले, वर वाटेत खायला शेंगाची पोळी बांधली. संगमेश्वर सरांनी तो कागद उजेडात धरून सही खरी आहे का पाहिले, आणि अर्ज निकाली काढला. तनुजाला माइक परत मिळाला. हम गेला. रामलिंगने त्याचे श्रेय मिठाला दिले, आणि त्या संध्याकाळचा विषय पुन्हा काढला नाही.

पण आता “ऐकताय ना?” म्हटल्यावर जी शांतता पडे, ती तिला सोसेना. पलीकडे कुणीतरी श्वास रोखून, आपली पाळी यायची वाट बघत बसले आहे, असे वाटे. तिने ते वाक्यच सोडले. मग संध्याकाळचा कार्यक्रम नको, सकाळचा द्या, असा अर्ज सरांकडे दिला आणि एक दिवस रजा टाकली. कार्यक्रमाच्या जागी सरांनी भजने लावली.

त्या दिवशी दिवेलागणीला ती घरी मेथी निवडत बसली होती. आई, नागाबाई, चुलीपाशी होती. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला.

“कुणाला हं म्हणून राहिलीस गं?”

तनुजाने वर पाहिले. समोरच्या जुडीतली बरीच मेथी निवडून झाली होती. ती निवडल्याचे तिला आठवत नव्हते.

“कुणाला न्हाई,” ती म्हणाली.

आणि आपण हे कुणासारखे बोललो, ते लक्षात येऊन तिने जुडी बाजूला सारली.

जेवणे झाल्यावर उमाबाईंचा फोन आला. मालक बरे आहेत, दोन वेळा जेवतात, घरातच असतात, बोललेले ऐकतात, कधी कधी तर नको इतके. हे सगळे सांगून झाल्यावर पलीकडे दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

“मावशी?”

“पोरी, आज मी शेडाकडं गेलते. पोतं आणायला.” आवाज दबका होता. “ती अजून बोलती. आता ह्यांना हाक मारीत न्हाई.”

“मग?”

“तुला मारती. तनुजा, ऐकतीस ना, म्हणती. मीबी वैतागून म्हटलं, ती न्हाई बाई हिथं, लई लांब ऱ्हाती, तिला कुठलं ऐकू यायला...”

“मग?”

“तर म्हणती, ऐकती की. आत्ताच हं म्हणाली.”

तनुजाच्या अर्जावर संगमेश्वर सरांनी ‘कारण सुस्पष्ट नाही, तांत्रिक अभिप्राय घ्यावा’ असा शेरा मारला आहे. रामलिंग पांचाळ यांनी ‘केंद्राचे प्रसारण एकतर्फी आहे’ असा अभिप्राय दिला आहे. पुढील निर्णय होईपर्यंत निवेदिकेने सायंकाळचा कार्यक्रम पूर्ववत करावा, असे तोंडी कळविण्यात आले असून ती तो करते. अर्ज प्रलंबित आहे.