आठ पदर

"सिस्टर, थांबा! आधी तोंड झाका."

दारात आडवा हात आला अन् मी धडकता धडकता राहिले. लोहाऱ्याच्या वाटेवरच्या क्षयाच्या दवाखान्यात माझा पहिलाच दिवस... आणि समोर हा मलमपट्टी करणारा ड्रेसर, भीमराज! मुखपट्टीवर नुसते डोळे, पण ते हसत होते.

"नाव काय तुमचं?"

"नलू. काहून?"

"पट्टीवर दोरा भरतो ना. एकीची दुसरीले जायले नको."

माझ्या पट्टीच्या कोपऱ्यात निळा दोरा आला. रोज उकळून, वाळवून, घडी घालून तो ती माझ्या हातात ठेवायचा. बोटं क्षणभर रेंगाळायची... की मलाच तसं वाटायचं?

मग एकदा दोरीवरच्या पट्ट्यांचे पदर मोजले. आम्हा सिस्टरांच्या चार-चार पदरी. अन् लाल दोऱ्याची, वॉर्डातल्या आया कौसल्याची— सहा!

कौसल्या नाकीडोळी नीटस, हसली की गालाला खळी. रात्रभर ती खळी डोळ्यांपुढून हलेना.

सकाळी त्याने पट्टी पुढे केली.

"द्या तुमच्या सहा पदरवालीले!" म्हणत मी पट्टी न बांधता तशीच वॉर्डात शिरले. खाटेवरच्या रामीबाईला खोकल्याची उबळ आली होती. मी वाकणार, तोच कौसल्या पुढे धावली अन् भीमराजने मनगट धरून मला व्हरांड्यात ओढलं.

"जिवाचा खेळ करून राह्यल्या तुमी? कायले?"

"तिलेच सहा पदर काहून?"

"तिच्या घरी तीन महिन्यांचं लेकरू हाये. अंगावर पिते. इथून न्हाऊन, लुगडं बदलूनच जाते ती. गॉजचं कापड मोजकंच भेटते, म्हून माह्यातले..."

मी पहिल्यांदाच त्याची पट्टी नीट पाहिली. दोनच पदर! त्यातून ओठ दिसत होते— रागावलेले, अन् फार भ्यायलेले.

घरी जाऊन मी माझी मलमलची साडी फाडली. दुसऱ्या दिवशी नवी पट्टी त्याच्यापुढे धरली.

"आठ पदर? श्वास कसा घेऊ?"

"हळूहळू."

"अन् तोंड दिसन का कोणाले?"

"दिसायचंच नाही. कौसल्याले तर मुळीच नाही!"

डोळे हसले. "अन्... तुले?"

'सिस्टर' कुठल्या कुठे गेलं होतं! मी त्याच्यामागे जाऊन बंद बांधले, गाठ जरा जास्तच घट्ट.

"ड्यूटी संपली का मीच सोडीन," मी म्हटलं. "रोज."