भिंतीपलीकडची ऊब

जिन्याच्या वळणावर नेवेनाच्या हातातलं गाठोडं निसटलं आणि वरून उतरणाऱ्या माणसाच्या पायाशी धप्पकन पडलं. त्याने वाकून ते उचललं आणि घाईघाईने दुसऱ्या हातात घेतलं.

"अहो, भाजतंय हे! आहे काय यात?"

"विटा."

"विटा?"

"भाजलेल्या. द्या इकडे."

"जेवणात हाच बेत का?"

"पायांशी ठेवायला आहेत," नेवेना म्हणाली. "पण तुम्ही जेवायला आलात तर त्यातली मऊशी बघून वाढेन."

तो हसला. बाहेर डॅन्यूब नदीवरून येणारा वारा जिन्याच्या फुटक्या काचेतून आत घुसत होता आणि हसता हसता त्याच्या तोंडातून वाफ निघत होती. तो कोण, हे तिला माहीत होतं. शेजारच्या घरात म्हातारे किरिलकाका आजारी होते आणि नदीवर मालाच्या बोटींवर काम करणारा त्यांचा मुलगा रूसे शहरात, घरी परत आला होता. बोयान. वडिलांसाठी आलाय, हिवाळाभर राहणार आणि पाणी मोकळं झालं की बोटीवर परत जाणार. खालच्या मजल्यावरच्या स्तोयना मावशींनी एवढी माहिती तिला न विचारता पुरवली होती.

विटाही मावशींच्याच शेगडीवर भाजलेल्या असत. त्यांनी घरात लाकडाची शेगडी ठेवली होती आणि धुराचं नळकांडं खिडकीतून बाहेर काढलं होतं. रोज दुपारी नेवेना तिथे विटा ठेवायची आणि संध्याकाळी जुन्या टॉवेलात गुंडाळून वर न्यायची.

तिच्या घरातले हीटर बंद होते. शहराच्या भट्टीतून गरम पाणी इमारतभर, घरोघरच्या हीटरांतून फिरायचं. तिने मात्र नवरा सोडून गेला त्या वर्षी सगळ्या खोल्यांचे व्हॉल्व्ह आवळून टाकले होते. एकटीसाठी कशाला? ती म्हणायची, "माझं भागतं." आणि भागायचंही. थंडी सुरू झाली की ती मोठ्या खोलीचं दार लावून फटीत गोधडी कोंबायची आणि स्वयंपाकघरात राहायला यायची. खिडकीच्या फटींत कापूस, बाहेरच्या भिंतीवर आईचा लोकरी गालिचा, पायात जाड मोजे. ती लग्नाचे पोशाख शिवायची. हातमोजे घालून सुई चालत नाही, म्हणून शेजारी लिंडेनच्या फुलांचा चहा उकळत असायचा; मोती टाचता टाचता ती बोटं वाफेवर धरायची.

आणि स्वयंपाकघराची एक भिंत होती. किरिलकाकांच्या घराला लागून असलेली. आजाऱ्याच्या खोलीतला हीटर अखंड चालू असायचा आणि भिंत इकडूनही कोमट लागायची. नेवेनाने पलंग आणि शिलाई मशीन दोन्ही तिलाच टेकवून ठेवलं होतं. इमारतीत अशा लोकांना ऊबचोर म्हणत.

"चोरी ती चोरीच," स्तोयना मावशी म्हणायच्या, "पण निदान सज्जनाच्या घरी करतेस हो!"

दुसऱ्या दिवशी बोयान मावशींच्या दारात उभा होता. "विटा मी नेतो वर. काल एक माझ्या पायावर पडता पडता राहिली. पुढचा धोका टाळतोय."

तो रोज येऊ लागला. जिना चढायला दोघांना फार वेळ लागू लागला. तो नदीबद्दल सांगायचा — धुक्यात समोरून येणाऱ्या बोटीचा आधी आवाज येतो, मग दिवा, मग माणसं. ती नवरीमुलींच्या आयांबद्दल सांगायची. एकदा दाराशी पोचल्यावर ती म्हणाली,

"एक सांगायचं होतं... तुमच्या उबेवर जगते मी. या भिंतीच्या."

"ऐकलंय. सगळ्या जिन्याला माहितीये."

"मग? रागावला नाहीत?"

"भिंत आहे ती," बोयान म्हणाला. "विचारून थोडीच गरम होते?"

नाताळच्या आधी किरिलकाका गेले. स्मशानात बोयान टोपी हातात घेऊन उभा होता, कान लाल झाले होते, आणि नेवेनाला त्याच्या डोक्यावर टोपी ठेवावीशी वाटली. तिने ठेवली नाही. घरी येताना तिच्या मनात आलं, आता भिंत गार पडेल. लगेच त्या विचाराची तिला लाज वाटली.

भिंत गार पडली नाही. उलट पूर्वीपेक्षा जास्त तापली. काही दिवस तर ती शाल काढून बसली. नदीवरचा माणूस, उबेला हपापलेला असेल, असं म्हणून तिने विषय सोडून दिला.

काका गेल्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या आदल्या सकाळी तो तिच्या दारात आला. "गहू शिजवता येतात? उद्या बाबांच्या नावाने वाटायचेत. मी दोनदा करपवले."

"चला. तुमच्याच घरी करू. माझ्याकडे एवढं मोठं भांडं नाही, आणि तुमच्याकडे निदान बोटं तरी चालतील."

आत शिरताच तिने सवयीने कोट काढला. आणि परत घातला. स्वयंपाकघरात तिचा श्वास दिसत होता. टेबलाजवळच्या खुर्चीवर घोंगडी होती, घोंगडीवर त्याची टोपी. हीटरला हात लावला. गार.

"बंद पडलाय का?"

"नाही," तो भांडं घासत म्हणाला. "अक्रोड कुठे ठेवलेत बघतो."

"बोयान."

त्याने फडताळ उघडलं. ती काकांच्या खोलीत गेली. पलंग नव्हता. भिंतीला लागून असलेलं अवजड कपाट खोलीच्या मध्यात ओढलेलं होतं. फरशीवर त्याचे ओरखडे होते. मोकळ्या भिंतीजवळ घरातला एकच हीटर पूर्ण तापलेला होता. त्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं आणि दुसरं काही नव्हतं. भिंतीच्या त्या बाजूला तिचं मशीन होतं.

तो दारात येऊन उभा राहिला.

"बाबा गेले त्या दिवशी बंद करणार होतो," तो म्हणाला. "एकट्या माणसाला काय... व्हॉल्व्हवर हात ठेवला होता. तेवढ्यात पलीकडे तुझं मशीन सुरू झालं."

त्याने तिचे हात हातात घेतले. त्याचेच जास्त गार होते.

"वेडा आहेस," ती म्हणाली. "कोट घालून जेवतोस."

"तू पण."

गहू त्यांनी मिळून शिजवले. ती पिठीसाखर चाळत होती, तो अक्रोड फोडत होता आणि मधूनच दोघं एकाच वेळी हसत होते. दुसऱ्या दिवशी वाटी घेताना स्तोयना मावशींनी आधी गहू चाखले, मग या दोघांकडे पाहिलं. "छान मऊ झालेत," त्या म्हणाल्या. "किरिलला आवडलं असतं. सगळंच."

मार्चच्या पहिल्या तारखेला त्याने तिच्या मनगटावर वसंताच्या स्वागताचा लाल-पांढरा दोरा बांधला. नदीवरचा बर्फ सरकला होता. बोट बंदरात लागली होती.

"तू थांब म्हणालीस," तो दोऱ्याची गाठ घट्ट करत म्हणाला, "तर मी चढतच नाही. इथे गोदीत काम मिळेल."

एकदा तिने एका माणसाला थांब म्हटलं होतं. तो थांबला होता, आणि मग रोज जेवताना 'तुझ्यामुळे थांबलो' असं तिला ऐकवत राहिला होता, शेवटी सोडून गेला तोपर्यंत. बोयान तसा नव्हता. हे तिला कळत होतं. तरी तोंडातून सवयीचंच निघालं.

"माझं भागतं, बोयान. तू जा."

त्याने दोऱ्याचं टोक गाठीत खोचलं. मग म्हणाला, "एक वीट देशील?"

तिने दिली. टॉवेलासकट.

उन्हाळ्यात लिन्झच्या बंदरातून फोन आला, मग रेगेन्सबुर्गच्या. दर वेळी तो विचारायचा, "थंडी वाजते का?" आणि ती हसायची, "वेड्या, जुलै आहे." फोन उचलताना ती दर वेळी ठरवायची, आज म्हणायचं, ये. मागे बोटीची घरघर ऐकू यायची आणि ती हवेबद्दल बोलायची. फोन विरळ होत गेले. शेवटच्या फोनवर तो म्हणाला की त्याची बहीण बाबांचं घर विकतेय, त्याला सही करायची आहे. "करू ना?" त्याने विचारलं. ती म्हणाली, "तुझं घर आहे."

सप्टेंबरमध्ये तिथे एक तरुण जोडपं राहायला आलं. त्यांचं बाळ दुपारी रडायचं.

नोव्हेंबरच्या एका सकाळी नेवेनाने भिंतीवर तळवा ठेवला. गार. सिमेंटसारखी गार, जशी भिंत असते. ती खाली गेली, स्तोयना मावशींकडून पाना मागून आणला आणि त्या भिंतीजवळच्या हीटरचा गंजलेला व्हॉल्व्ह दोन्ही हातांनी फिरवला. पाइपमध्ये पाणी गुरगुरलं. मग पलंग आणि मशीन तिने ओढून बाजूला घेतलं, म्हणजे मध्ये काही येणार नाही.

आठवड्याने शेजारीण जिन्यात भेटली, बाळाला कोटाच्या आत घेतलेलं.

"ताई, आम्ही अजून हीटर चालू केलेलेच नाहीत. तरी पाळण्याजवळची भिंत इतकी गरम कशी हो? तुमची ऊब चोरतोय असं वाटतं."

नेवेनाच्या हातात टॉवेलात गुंडाळलेली एकच वीट होती. तिने ती छातीशी धरली.

"भिंत आहे ती," ती म्हणाली. "विचारून थोडीच गरम होते?"